या जागेवर छत नको

आई, आज वकिलांकडे जाऊन आले आणि आल्यापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. चहा ठेवला, तो उतू गेला. मृत्युपत्र करायचं होतं. तू माझ्या नावावर केलेलं हे घर माझ्यामागे पाडावं आणि जागा शेजारच्या सार्वजनिक बागेला जोडावी, असं लिहून द्यायचं होतं. मला मूलबाळ नाही, त्यामुळे फार कुणाला विचारायचंही नव्हतं. पण वाचून दाखवताना वकिलांनी एका अटीवर बोट ठेवलं. 'या जागेवर कधीही छत घालू नये.' म्हणाले, "मॅडम, पाऊस आला तर लोकांनी जावं कुठं? निदान पत्र्याचं शेड तरी होऊ द्या." उद्या सांगते म्हणून उठून आले.

मग धाकट्याला फोन केला. त्याला जागा नको आहे, पोरगा भला आहे तुझा. त्याला तिथं तुझ्या नावाचा हॉल हवा आहे. म्हणतो, "ताई, चांगला स्लॅब टाकू, लेकरं अभ्यासाला बसतील, आईचं नाव ऱ्हाईल. तिला बागेची हौस होती म्हणून तू हे करून राहिलीस. हौस कशाची? भिऊन बसायची ती तिथं." मला त्याचा भयंकर राग आला, कारण तो खरं बोलत होता.

भूकंपात किल्लारीकडचं तुझं माहेर मातीत गेलं. इथं लातुरात आपलं घर उभं राहिलं, भिंतींना भेगा पडल्या तेवढंच, तरी तू आत पाऊल टाकायला तयार नव्हतीस. सगळी गल्लीच बागेत राहायला आली होती. तू कडुलिंबाखाली तीन दगडांची चूल मांडली आहेस. शेजारची बांगडीवाली चाची तुझ्याच तव्यावर तिच्या रोट्या भाजते आहे. रखवालदार येतो आणि म्हणतो, बाग मोकळी करा. तू पिठाचे हात तसेच कमरेवर ठेवून विचारतेस, "डोक्यावर छत नसलेली दुसरी जागा हाय का तुमच्याकडं? न्हाई ना? मग बसू द्या की!" तो शेवटी आपल्यातच बसून भाकरी खाऊन गेला. त्याच दुपारी पाऊस आला. मी भिजून वैतागले आणि पळत जाऊन आपल्या ओसरीत उभी राहिले. तू मागोमाग आलीस, दंडाला धरून मला पावसात ओढलंस आणि पाठीत असा धपाटा घातलास की श्वास अडकला. "भिजलीस तर वाळशील. आत दबलीस तर मी काय करू गं?" आणि मग तूच रडायला लागलीस. चाचीनं आपल्या दोघींवर ताडपत्री धरली. "जान हाय ना, बस. रोऊ नको," असं ती तुला समजावत होती.

पुढं डागडुजी झाली, बाबांनी समजूत घातली, तू घरात आलीस. पण उशाशी पालथा पेला आणि त्यावर भरलेला तांब्या ठेवल्याशिवाय आडवी झाली नाहीस. जमीन हलली की तांब्या पडेल, आवाज होईल, आपण पळू. तुझ्या माहेरची वाचलेली माणसंही असंच ठेवायची. आपल्याकडे भूकंपापेक्षा मांजरानंच तो जास्त वेळा पाडला, आणि दर वेळी आपण सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी बागेत! बाबा चिडायचे. तू मात्र कडुलिंबाखाली पोचलीस की हसत सुटायचीस, पदर तोंडात कोंबून. घरात तुला तसं हसताना मी पाहिलं नाही. नंतर म्हातारपणी तू दुपारी तिथं तूर निवडत बसायचीस, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायचीस. म्हणून मला वाटतं, धाकट्याचं अर्धंच खरं आहे. भीतीनं गेलीस हे खरं, पण भीती संपल्यावरही तू तिथून उठली नाहीस.

उद्या सही करणार आहे. शेड नाही, हॉल नाही. लोक भिजतील आणि मला शिव्या घालतील, घालू देत. वकिलांना मी सांगेन की लेकरांना खेळायला मोकळी जागा हवी. ते काही खोटं नाही. पण जमीन पुन्हा हलली तर या गल्लीतल्या माणसांनी धावत कुठं यायचं, हे माझ्या डोक्यातून जात नाही. तेवढी जागा मला मागं ठेवायची आहे.

हे पत्र टाकायला पेटी नाही, कपाटातच राहील. आणि एक, धाकट्याला सांगू नकोस. तू गेल्यावर त्यानं आठवण म्हणून तुझा तांब्या-पेला मागितला होता. मी म्हणाले, जुना झाला होता, मोडीत दिला. लिहिते आहे तिथून तो मला दिसतो आहे. माझ्या उशाशी, पालथ्या पेल्यावर, भरलेला.