येतो म्हणजे काय

माय, तुला मी कधी काही लिहिलं नाही, कारण तुला वाचता येत नव्हतं. आता तुला जाऊन वीसेक वर्षं झाली, तेव्हा ती अडचण उरलेली नाही. मला एका शब्दाबद्दल सांगायचं आहे. तो तूच शिकवला होतास.

आपल्या खाणीच्या गावाहून, उकव्याहून, बालाघाटला टायपिंग शिकायला निघालो ती सकाळ आठवते. तू चुलीपुढे बसली आहेस, तव्यावर माझ्या वाटेसाठीची भाकर. मी दारातूनच ओरडतो, "माय, जातो." तू मान वळवतेस. "काय म्हणलं?" "जातो म्हणलं. बस सुटून राह्यली." "आत ये. बस. पाणी पे. अन् मंग नीट बोल." मी चिडतो, "माय, गाडी जाईन!" तू म्हणतेस, "जाऊ दे. गाडी जाते, माणसानं येतो म्हणाव." मी आत येतो, बसतो, पाणी पितो, येतो म्हणतो. बस खरंच सुटली होती. पुढची येईपर्यंत तू माझ्याबरोबर थांब्यावर उभी राहिलीस. मी तोंड फुगवून बसलेला, आणि तुझं आपलं चालूच, "येतो म्हणलं ना, मंग उशीर झाला तरी चालते." मारुतीच्या देवळातून निघतानाही तू दाराशी वळून, आपल्याकडच्या सगळ्या बायांसारखी, "येतो, देवा" म्हणायचीस. मी अजून म्हणतो. दवाखान्यात सकाळी कॉम्प्युटर सुरू करताना हात जोडतो आणि संध्याकाळी बंद करताना तेच पुटपुटतो.

इथे बालाघाटलाच एका धर्मादाय दवाखान्यात मी कारकून आहे. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे पेशंट दर महिन्याला गोळ्या न्यायला येतात. तारीख चुकली की गोळ्यांत खंड पडतो आणि हाडं ठणकायला लागतात, म्हणून आधी प्रत्येकाच्या फोनवर निरोप जातो. हे निरोप मी हाताने पाठवत नाही. एक साधन आहे, त्यात प्रोग्राम लिहावा लागत नाही. स्क्रीनवर चौकटी असतात. तारीख जवळ आली ही एक, निरोप पाठव ही दुसरी, उत्तर आलं तर काय करायचं ही तिसरी. त्या माऊसने ओढून बाणांनी जोडायच्या, मग काम आपलं आपण चालतं. पहिली काही वर्षं ते सगळं इंग्रजीत होतं, अक्षरं मुंगीएवढी, एक बाण चुकला की सगळी मांडणी पुन्हा करायची. मला घाम फुटायचा. त्यात एक पिवळी चौकट होती, तिच्यापाशी काम थांबायचं. आलेलं प्रत्येक उत्तर मी वाचायचं आणि बटण दाबायचं, तेव्हा ते पुढे सरकायचं. रोजची साठ-सत्तर उत्तरं वाचून मी कंटाळलो होतो. साधन बनवणाऱ्यांनी एकदा सगळ्यांना विचारलं, काय सुधारावं? मी लिहिलं, ही थांबायची चौकट फार त्रासाची आहे.

मागच्या वर्षी त्यांनी नवी स्क्रीन आणली. खोटं कशाला बोलू, ती चांगली होती. मोठ्या रंगीत चौकटी, चूक झाली तर मागे न्यायचा बाण, आधी करून पाहायला वेगळं बटण. आमची सिस्टर, जी कॉम्प्युटरला हात लावायला भ्यायची, तीही स्वतः चौकटी हलवायला लागली. म्हणायची, "भैया, अब तो मैं भी इंजीनियर हो गई." आणि सगळं मराठीत. पिवळी चौकट आता एका लहानशा बाणाखाली घडी करून ठेवली होती. तिच्या जागी स्क्रीनने मलाच विचारलं, "उत्तरात 'येतो' हा शब्द असेल तर 'येणार' असं धरायचं का?" इतक्या वर्षांनी एक यंत्र माझ्याशी माझ्या भाषेत बोललं होतं. मला भरून आलं. मी करून पाहिलं. दहा-बारा उत्तरं स्वतःच लिहून दिली, हो येतो, उद्या येतो, नाही जमत. सगळी बरोबर लागली. मी होकाराचं बटण दाबलं.

किरनापूरकडच्या एका माणसाची दहा वर्षांची पोरगी आमची पेशंट आहे. दिवाळीनंतर तिच्या तारखेचा निरोप गेला आणि त्याचं उत्तर आलं. "साहेब, आम्ही उद्या नागपूरकडं विटाभट्टीवर चाललो. पोरीले घेऊन चाललो. होळीले भेटू. येतो." मी ते वाचलं नाही. यंत्राने वाचलं, येतो पाहिलं आणि नाव हिरवं केलं. हिरवं नाव सिस्टरच्या फोन करायच्या यादीत येत नाही. जुनी पिवळी चौकट असती तर मी तिथे थांबलो असतो. त्याच दिवशी त्याला बोलावून होळीपर्यंतच्या गोळ्या हातात देता आल्या असत्या. तो निरोप घेत होता, माय. दारातून निघताना घरच्या माणसाला म्हणतात तसा.

खाणीवर तू दगड निवडायला बसायचीस, तिथे मी एकदा तुझा डबा घेऊन आलो होतो. तू जेवत होतीस तोवर मी मोठ्या हौसेने एक घमेलं भरलं, काळा काळा दगड पाहून. तू ते सगळं पालथं केलंस. बाया हसल्या. "डोयानं नाही, हातानं पाह्य. काळा तर दोनीबी दिसते. उचलल्याबिगर कसं समजन, मॅंगनीज कोनतं अन् गोटा कोनता?" मग माझा हात धरून एक-एक उचलायला लावलास. जड तो इकडे, हलका तो तिकडे. रात्री माझी बोटं तुझ्यासारखी काळी झाली होती आणि मी ती अभिमानाने सगळ्यांना दाखवत फिरलो. एवढं शिकून मी काय केलं, तर उचलायचं सोडून दिलं.

पंधरा दिवसांपूर्वी, होळीच्या कितीतरी आधी, तो भट्टीवरून पोरीला पाठीवर घेऊन आला. तिला हात लावू देईना, इतकी ठणक. रक्त द्यावं लागलं. दोन रात्री डॉक्टरांनाही खात्री नव्हती. डॉक्टरांनी माझ्या स्क्रीनवरची नोंद पाहिली आणि त्याला विचारलं, "आपने खुद लिखा था, येतो. फिर आए क्यों नहीं?" तो माझ्याकडे बघायला लागला. मग हात जोडून म्हणाला, "हौ साहेब. म्हणलं होतं मी. माहीच चूक." मी तिथेच उभा होतो. खालची पूर्ण ओळ मी आधीच उघडून वाचली होती, डॉक्टरांना ती दिसत नव्हती, कारण नव्या स्क्रीनवर उत्तरातला तेवढा 'येतो' आणि त्याचा निष्कर्ष दिसतो. ती उघडायला एकदा बोट दाबायचं होतं. मी दाबलं नाही.

त्या संध्याकाळी मी पिवळी चौकट शोधून पुन्हा जागेवर लावली. आता प्रत्येक उत्तर वाचतो, येतो दिसलं की फोन करतो. सिस्टरने विचारलं, "इतना टाइम क्यों लगा रहे हो?" मी म्हटलं, डोळे कमजोर झालेत.

काल पोरीला घरी सोडलं. बाप तिला कडेवर घेऊन माझ्या टेबलाशी आला, गोळ्यांची पिशवी दाखवली आणि म्हणाला, "चला साहेब, जातो."

"जातो काहून म्हणता?" मी विचारलं.

"तो शब्द नाही काढत आता. तुमच्याकडं तो लिहिला जाते." आणि हसला, जरा भीतभीतच.

मी उठलो. माठातून तांब्या भरला. "आत या. बसा. पाणी घ्या." दोघंही प्यायले. पोरीने ओठ पुसले, हात हलवला आणि स्पष्ट म्हणाली, "येतो." त्याने लगेच तिला दटावलं, "चूप, असं नोको म्हणू."

मला तेव्हा बोलायचं होतं. तुझी चूक नाही, मी वाचलं नाही, एवढंच तर होतं. तांब्या हातात धरून मी म्हणालो, "सांभाळून जा." तू असतीस तर निदान "या" म्हणाली असतीस.

त्याचा नंबर समोरच आहे, माय. हे सगळं त्याला सांगायचं होतं, आणि मी ते तुला लिहीत बसलो. तू काही उलट विचारणार नाहीस, म्हणून.