अर्ध्यावर तुटणारी चाल

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा फोटो आणि चित्रांच्या फ्रेमा करणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दुकानातल्या टेबलावर, दिवसाउजेडी लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हात थोडा थरथरतो. काच कापताना थरथरत नाही. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही. उलट मुलगी म्हणाली, "बाबा, आत्ताच तर सगळं नीट झालंय. आत्ता कशाला हे?" नीट झाले आहे म्हणूनच. याआधीचे मृत्युपत्र रागात लिहिले होते, आणि मी ते तसेच ठेवून गेलो असतो.

१. ते आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात दुकानाचा माझा अर्धा हिस्सा शेजारच्या बूटवाल्याला विकावा, आणि माझे थोरले बंधू आणि दुकानातले अर्धे भागीदार (यापुढे 'दादा') यांना त्याबाबत काही बोलण्याचा अधिकार नसावा, असे लिहिले होते. कारण दिले नव्हते, कारण ते लिहायची लाज वाटली. दादा गुणगुणतो, एवढेच ते कारण.

हे कोणाला क्षुल्लक वाटले तर त्याने दादाबरोबर एका खोलीत बसून पाहावे. एक चाल त्याच्या नाकातून निघते, चढते, एक वळण घेते आणि मध्येच तुटते. पुढचे कधी येत नाही. जरा वेळाने पुन्हा पहिल्यापासून. मी घरी जायचो तेव्हा ती माझ्या डोक्यात बसून यायची. जेवताना, दाढी करताना, अंथरुणावर पडल्यावर, तिथेच येऊन तुटायची.

"दादा, पुढचं म्हण की एकदा."

"कशाचं पुढचं?"

"गुणगुणतोयस त्याचं."

"मी? मी कुठे गुणगुणतोय?"

तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरेच ठाऊक नव्हते. राग त्याचाच जास्त यायचा.

मी स्वतः आयुष्यात कधी गुणगुणलो नाही. माझी पत्नी, ती होती तोवर, याच्या उलट सांगत असे. तिच्या सांगण्याला पुरावा नाही.

२. राहते घर, भांडीकुंडी आणि गच्चीवरच्या कुंड्यांसह, मुलीला. ती गणित शिकवते, तिला वाटणी समजावून सांगावी लागणार नाही. स्वयंपाकघरातल्या खिडकीचे दार घट्ट बसते. ते मीच बसवले आहे. घासून घ्यावे.

३. बँकेतल्या पैशांपैकी निम्मे मुलीला, निम्मे वहिनीला. वहिनीचे वहिनीच्याच नावावर राहावेत. दादाच्या हाती गेले तर त्यांचे फ्रेमांसाठी सागवान येईल.

४. मधली भिंत. दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत मी घालून घेतली होती. दादा म्हणाला, "तुला हवी तर घाल." भांडला असता तर बहुधा घातली नसती. दोन टेबले झाली, दोन दिवे, सरस तापवायची दोन भांडी. गुणगुणणे अडले नाही, बोलणे मात्र अडले. निरोप वहिनीमार्फत जाऊ लागले. वहिनी म्हणायची, "भाऊजी, हातभर अंतरावर बसलाय तो माणूस, मला कशाला नाचवता?" मी तिला विचारले होते, की घरी तुम्ही हे कसे सहन करता. ती म्हणाली, "घरी? घरी ते कधीच गुणगुणत नाहीत." मला वाटले, नवऱ्याची बाजू घेते आहे.

यंदा दादाच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आधी बोलणे बंद केले, मग ऑपरेशन केले, मग पुन्हा बोलणे बंद केले. कुजबुज नाही, हुंकारसुद्धा नाही. गाठ कसली ते तपासून येईपर्यंत दादा दुकानात येऊन बसायचा, घरी बसवत नाही म्हणून. भिंतीपलीकडे फक्त करवतीचा आवाज. मला हवी होती ती शांतता मिळाली. तिच्यात मला काम करता येईना, पण ते मी काळजीच्या खाती टाकले.

मग माझ्या फ्रेमा परत येऊ लागल्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका वडिलांचा फोटो घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "कोपऱ्यातून माझं नख जातंय." नख जात होते. दुसरी आली, तिसरी आली. मी सरसवाल्याला झापले. तो म्हणाला, "काका, माल तोच आहे. हात तेच आहेत का बघा."

आमच्या धंद्यात कोपरा असा जोडतात: दोन पट्ट्यांच्या तिरक्या टोकांना गरम सरस लावायचा, एकमेकांवर घासायची, आणि दोन्ही हातांनी धरून बसायचे. सरस धरेपर्यंत हलायचे नाही. मग खिळा. मुलगी एका दुपारी शेजारी स्टूल घेऊन बसली आणि बघत राहिली. म्हणाली, "बाबा, तुम्ही आधीच सोडताय."

"इतकी वर्षं बरोबर सोडत होतो ना?"

"तेव्हा कशावरून सोडत होता?"

मी रिकाम्या पट्ट्या पुन्हा धरून पाहिल्या. तेव्हा कळले. भिंतीपलीकडे चाल सुरू झाली की मी कोपरा जोडायचो, आणि ती तुटली की हात काढायचो. दादा कोपरा धरला की गुणगुणतो. सरस धरला की थांबतो. पुढचे त्याला लागतच नाही. एवढी वर्षे मी ज्याला अर्धे समजत होतो ते पुरे होते.

मुलीने घड्याळ समोर ठेवले. एखाददुसरा कोपरा धरला, पण माझ्याने ते होईना. नजर काट्यावर गेली की हात हलायचा. मग मी ती चाल स्वतः आठवायला बसलो. इतकी वर्षे झोपू न देणारी ती, ऐन वेळी येईना. चढते ते आठवे, वळण आठवेना. शेवटी भिंतीला वळसा घालून दादाकडे गेलो. किती वर्षांनी, ते मुलगी सांगेल. त्याच्याजवळ पाटी असायची. मी म्हणालो, "दादा, ते गाणं कुठलं?" त्याने लिहिले, "कुठलं गाणं?"

तेव्हा मला भीती वाटली. चाल फक्त त्याच्या घशात होती, आणि ती तिथे आहे हे त्याला माहीत नव्हते. घसा गेला असता तर मागायला कुठे जाणार होतो?

परवा तपासणीचा कागद आला. गाठ साधी. डॉक्टर म्हणाले, "बोला आता. आवाज थोडा बसेल." वहिनी दवाखान्याच्या बाकावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. काल दादा दुकानात आला. माझ्याशी एक शब्द बोलला, "सरस?" तापला आहे, म्हणालो. तो पलीकडे गेला. मी इकडे पट्ट्यांना सरस लावून बसलो. जरा वेळाने आले. घोगरे, खालच्या पट्टीत, पण तेच. चढले, वळले. मी धरून होतो. तुटले. मी हात काढले. कोपरा धरला होता.

भिंत आम्ही कालच काढली. दादाने एक बाजू धरली. प्लायवूड चांगले निघाले; कापून फ्रेमांच्या पाठीला लावायला घेतले आहे. पहिला तुकडा मुख्याध्यापिकांच्या वडिलांच्या मागे गेला. भिंत आता मालमत्तेत धरू नये.

५. दुकानाचा माझा हिस्सा दादाला. त्याच्यानंतर मुलीने ठरवावे.

६. माझा हिरा दादाला. मुलीच्या सासरच्यांनी हुरळून जाऊ नये. काच कापायची लेखणी आहे. तो भिंतीवरून हात घालून ती वर्षानुवर्षे नेत होता आणि मला ते दिसत नाही असे समजत होता.

७. ती चाल माझी मालमत्ता नाही, म्हणून ती कोणाला देता येत नाही. मुलीने मोबाइलला ऐकवून कुठल्या गाण्याची आहे ते शोधायचे ठरवले आहे. शोधू नये. आणि ती गुणगुणतोस असे दादाला कोणीही सांगू नये. माझे पुष्कळ सांगून झाले आहे. नशिबाने त्याने कधी ऐकले नाही.

८. मी गेल्यावर दुकान एक दिवस बंद ठेवावे, जास्त नको. सरस खराब होतो.

ठिकाण: दुकान, जिथे भिंत होती तिथे टेबल ओढून.
तारीख: डॉक्टरांनी दादाला बोलायची परवानगी दिली त्याच्या तिसऱ्या दिवशी, सोमवार.

सही: (धाकटा)

साक्षीदार: १. समोरचा शिंपी. २. शेजारचा बूटवाला, ज्याला या मृत्युपत्राने दुकान मिळत नाही हे त्याने वाचले असून "सुटलो, काका" असे म्हटले आहे.

आम्ही दोघे लिहून देतो की मृत्युपत्र करणाऱ्याने आमच्या डोळ्यांदेखत, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता, आणि गुणगुणत सही केली.