चावलं नाही, चिकटलं होतं

प्रिय मिनल,

फोनवर आपलं बोलणं 'जेवलीस का' आणि 'हो' याच्या पुढे जात नाही, म्हणून लिहितो आहे. अमोल उद्या तुझ्या हॉस्टेलवर ताईचा डबा घेऊन येईल, त्याच पिशवीत हे ठेवतो. अक्षर वाकडं दिसेल. नोकरीतून निघाल्यापासून सहीशिवाय काही लिहिलं नाही.

काल दुपारी केयूर आपल्या घरी आला होता. हो, तुझा तोच पेशंट, हिंगण्याच्या कंपनीतला इंजिनीअर. बायको चिन्मयीही सोबत होती. चेहरा अजून उतरलेला आहे, जिना चढताना दोनदा थांबला, पण आपल्या पायांनी आला. 'चौदा दिवस वेगळं राहायचंय' याच्यापलीकडे तू घरी काही सांगितलं नाहीस. बाकी सगळं मला त्या दोघांकडूनच कळलं.

कंपनीने त्याला मशीन बसवायला तुर्कस्तानला पाठवलं होतं. परतायच्या आधीच्या रविवारी तिथल्या एका सोबत्याने त्याला आपल्या गावी नेलं, मेंढ्यांच्या कुरणात बसून जेवले. नागपूरला आला आणि दोन दिवसांत ताप, अंग ठणकणं, डोळे लाल, प्लेटलेट खाली. पावसाळ्यात आपल्याकडे एवढं ऐकलं की डेंग्यूच. डॉक्टरांनीही तेच धरलं, त्यांना दोष तरी कसा द्यावा? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या नाकातून रक्त आलं. तू ते पुसत होतीस तेव्हा हातमोज्याच्या वर, तुझ्या मनगटावर थेंब पडला. तू हात धुऊन आलीस आणि त्याच्याजवळ स्टूल ओढून बसलीस.

तो म्हणाला, सगळ्यांनी मला डासांबद्दल विचारलं, सिस्टरनी एकट्यांनीच वेगळं विचारलं. "गुराढोरांत गेले होते का तिकडं? काही चावलं का तुम्हाले?" त्यावर तो तुला म्हणाला होता, "चावलं नाही, चिकटलं होतं. गुडघ्याच्या मागे. ओढून काढलं आणि बोटांनी चिरडलं."

इथे मला हातातला कप खाली ठेवावा लागला. सावनेरला गुरांच्या दवाखान्यात मी मलमपट्टी करणारा ड्रेसर होतो, तू शाळा सुटली की सरळ तिथेच यायचीस. एकदा बैलाच्या कानातला गोचीड उपटून तू नखाने फोडलास आणि मी तुझ्या हातावर चापट मारली. त्याच्या पोटात दुसऱ्याचं रक्त असतं, फोडायचा नाही, एवढंच सांगितलं होतं. वीस वर्षं झाली. मी ती चापट विसरूनही गेलो होतो.

तू डॉक्टरांना सांगितलंस. ते म्हणाले, आधी डेंग्यूचा रिपोर्ट येऊ दे. तू त्याच्या रक्ताची नळी हातात धरून तशीच उभी राहिलीस, नेहमीच्या लॅबमध्ये पाठवायला तयार झाली नाहीस. चिन्मयी दारातच होती, तिला तुझं बोलणं पाठ आहे. "सर, माझी चूक निघाली तर सगळ्यांसमोर माफी मागीन. पण हे रक्त इथं कोणी उघडू नये." मग दवाखान्याच्या मोठ्या मॅडम आल्या, केयूरला वेगळ्या खोलीत हलवलं, नमुना तीन वेष्टनांत बंद होऊन पुण्याच्या विषाणू संस्थेत गेला. निदान आलं क्रायमियन-काँगो तापाचं. गोचिडापासून येणारा, रोग्याच्या रक्तातून सांभाळणाऱ्याला लागणारा. त्या खोलीत येणारे-जाणारे अकरा जण होते, मिनल. एकालाही झाला नाही.

तुझे ते चौदा दिवस मात्र मी कसे काढले ते तुला ठाऊक नाही. तू सकाळ-संध्याकाळ ताप मोजून आकडा कळवायचीस, मी तो कॅलेंडरवर लिहायचो. सातव्या दिवशी तू नव्व्याण्णवच्या वरचा आकडा सांगितलास. तुझ्या आईला मी साडेअठ्ठ्याण्णव सांगितलं आणि गच्चीवर जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी उतरला तेव्हा जेवलो. पंधराव्या दिवशी तू घरी येशील असं वाटलं होतं. तू ड्युटीवर गेलीस. मला राग आला नाही, कारण तू का आली नाहीस ते मला माहीत आहे.

ज्यासाठी लिहायला बसलो ते आता लिहितो. केयूर दारात आला तेव्हा समोरचे मधुसूदनराव माझ्याजवळ पेपर वाचत बसले होते. केयूरने विचारलं, मिनल सिस्टरचं घर हेच ना? मधुसूदनरावांनी पेपर खाली केला. "सिस्टर? तुमची मिनल तर डॉक्टर आहे ना?" सहा वर्षं या कॉलनीत मी 'पोरगी दवाखान्यात आहे' एवढंच सांगत आलो, आणि लोकांनी जे समजायचं ते समजू दिलं. कॉलनीतल्या सोनिकाच्या लग्नात मी तसंच सांगताना तू माझ्या मागे उभी राहून ऐकलंस, हे मला त्याच वेळी कळलं होतं. त्यानंतर तू कधी युनिफॉर्मवर घरी आली नाहीस. काल मी खुर्चीतून उठलो आणि म्हणालो, "नाही मधुसूदनराव. माही पोरगी नर्स आहे." आवाज मोठाच निघाला असावा, कारण तुझी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. शुक्रवारी तुझी सकाळपाळी आहे, अमोल सांगत होता. सुटलीस की सरळ घरी ये, कपडे बदलू नको. मी गल्लीच्या तोंडाशी उभा असेन.

तुझाच,
बाबा