स्किस्टोचे दोन पदर

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार (वाकताना तुमची कंबर आठवली, आता बरी आहे ना?). मामींचा खोकला थांबला असेल, तर माझ्याबद्दलची चौकशीही आता सलग होत असेल.

मी मजेत आहे. किंबहुना, चष्म्याच्या दुकानात बसून एकटाच हसतो म्हणून गिऱ्हाइकं बिचकतात. दगडाच्या कारखानदाराच्या मुलीशी माझं लग्न तिच्या वडिलांच्या होकारावर अडलं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. या गृहस्थांना एस्पेरांतोचं भारी वेड. (सगळ्या जगाला एकमेकांशी बोलता यावं म्हणून बनवलेली भाषा, घरात मात्र यांच्यापुढे कुणाची बोलायची टाप नाही.) दर रविवारी ते कारखान्यातच वर्ग भरवतात. तिथे शब्दाचं मूळ नुसतं सांगून भागत नाही, वस्तूवर सिद्ध करावं लागतं. ‘ग्रानिटो’ म्हणजे ग्रॅनाइट, मुळात ‘दाणेदार’, हे पटवायला वर्गातल्या न्हावीबुवांनी लादीवर गहू ओतले. कबुतरं अजून जात नाहीत.

मला मिळाला ‘स्किस्टो’. हाही एक दगडच. मूळ ग्रीक, अर्थ ‘चिरता येणारा’, कारण त्याचे पदर सुटतात. सिद्ध केलंत तर पुढचं बोलू, नाहीतर रामराम, असं सासऱ्यांनी (अजून नाहीत, पण जीभ ऐकत नाही) बजावलं होतं. माझ्या हाताला चष्म्याच्या स्क्रूपलीकडचं वजन माहीत नाही. तरी देवाचं नाव घेऊन लादीच्या कडेवर छिन्नी टेकवली आणि डोळे मिटून हातोडी हाणली. उघडून बघतो तर एका लादीच्या दोन! सासरे त्या नव्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, “यातली एक तुमची. तिचं टेबल करून आणा, त्यावरच लग्नाची तारीख ठरवू.” मामा, मला इतका आनंद झाला की मी न्हावीबुवांना मिठी मारली.

तुमचा,
भाचा

ता. क. : टेबलाचे पाय तुमच्यासारख्या सुतारानेच करावेत. लादी टेम्पोने पाठवली आहे. नाही म्हणायला उशीर झालाय.

पुन्हा ता. क. : काल तिने हसतहसत कबूल केलं. रविवारी सकाळीच तिने त्या लादीला चारी कडांनी पाचरी ठोकून, पदर सुटे करून त्या काढून घेतल्या होत्या आणि फटीत दगडाची पूड भरून ठेवली होती. माझ्या जागी एखादी माशी बसली असती तरी लादी सुटली असती. तेव्हा मामा, दोन खुर्च्याही करा. तिची जरा उंच.