पहिली कोण धावली

मी, सोजराबाई, यशवंत तरस यांची पत्नी, वय अंदाजे बावन्न, राहणार किवळे, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्या धाकाशिवाय हे मृत्युपत्र सांगते. यजमानांचे नाव मी घेतलेले नाही. लेखनिक लक्ष्मणराव यांनी ते आपणहून घातले. तब्येत ठणठणीत आहे. घाई उद्याची आहे. उद्या सव्वीस जानेवारीला देहूरोडच्या मैदानावर लढाईतल्या पदकवाल्यांचा सत्कार आहे, फौजी आणि बिनफौजी दोन्ही. आम्हा नवराबायकोला दोन खुर्च्या!

१. घर व शेत यजमानांचे. त्यांची पलटणीतली तीन पदके काचेच्या चौकटीत आहेत. त्यात मी लुडबुड करीत नाही.

२. दोन शेळ्या व चांदीच्या पाटल्या सून कुसुम हिला. शेळ्यांना माझे नाव घेऊन शिव्या घालू नयेत. मला ऐकू येतात.

३. माझा विळा विकू नये, खंडेनवमीला पुजावा. लढाईच्या काळात आम्ही बायका दारूगोळ्याच्या कोठाराभोवतीचे गवत कापत होतो. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात डोंगरावरचा वणवा कोठाराकडे धावत आला, तेव्हा मधला गवताचा पट्टा कापून आम्ही तो अडवला.

४. त्याबद्दल सरकारने मला दिलेले पदक रावेतच्या मंजुळाबाई सोनबा भोंडवे हिला द्यावे. कोठाराच्या साहेबाने विचारले होते, पहिली कोण धावली? मी हात वर केला. धावली होती मंजुळा. ती तेव्हा भाजलेले हात बादलीत बुडवून बसली होती. तेव्हापासून आमचे बोलणे नाही. मी खोटी वागले, याची मला लाज वाटते.

५. इथवर झाल्यावर साक्षीला मंजुळेलाच बोलावले. लक्ष्मणराव म्हणाले, "जिला वस्तू द्यायची, तिची साक्ष नको." मला तर साक्ष तिचीच हवी! म्हणून कलम चार खोडावे. मरेपर्यंत कोण थांबतो? पदक मी आत्ताच तिच्या पदराला लावले.

"सोजरे, बारा वरसांनी आठवलं व्हय?"

"आठवत व्हतं गं. तोंड उघडत न्हवतं."

"मग उद्या खुर्चीवर कोण बसायचं?"

"तू. मी खाली बसून टाळ्या वाजविते."

हे संभाषण लक्ष्मणरावांनी कायद्यात बसत नाही म्हणून गाळू पाहिले. मी गाळू दिले नाही.

वाचून दाखवले, बरोबर आहे.

किवळे, ता. २५ जानेवारी १९५६
सही: सोजराबाई

साक्षीदार:
१. मालोजी तरस, सही
२. मंजुळाबाई सोनबा भोंडवे, निशाणी अंगठा. अंगठ्याला रेषा उमटलेल्या नाहीत, त्या वणव्यात गेल्या. निशाणी तिचीच आहे, हे मी सोजराबाई लिहून देते.