चंद्रावरचा हलता डाग

८ फेब्रु., शनि.
कंपनीतली पहिली पाळी उरकून वाळूजहून बसनं क्रांती चौक, तिथून शाळेची गच्ची. आकाश बघणाऱ्या आमच्या मंडळाचे सात जण. काझी सर रिटायर झाले तरी शिस्त शाळेचीच. "पैले चित्र, फिर मुँह." म्हणजे एकेकानं दहा मिनिटं दुर्बिणीतून चंद्र बघायचा, कागदावर काढायचा, कुणाशी बोलायचं नाय. सगळ्यांचे झाले की कागद लाल बत्तीखाली शेजारी-शेजारी मांडायचे.
माझ्या कागदावर राखाडी डाग. बाकी कुणाच्याच नाय. आणि तो जागा धरून बसत नाय, हलतो! भिंगावर कचरा असेल म्हणून भिंग फिरवलं, पुसलं, बदललं. डाग आहेच. गुरू ग्रहाकडं वळलो तर तो मधूनच गायब. धुरळा असेल.
सर म्हणाले, "सोपानला दिसलं म्हणजे कुछ तो है."

९ फेब्रु.
सुट्टी. बायकोला, मंदाला सांगितलं. ती म्हणे, "चंद्रावर डाग हाय हे आमच्याकडं शेंबडं पोर सांगतंय. त्याला दुर्बीण कशाला?"
हिला काय सांगावं. हा तो डाग नाय बाई. अकरा वर्षं कंपनीत तपासणीला आहे मी. सिलिंडरच्या आतली केसाएवढी चीर मला दिसते. उगाच दिसेल का काही?
पण दिसलं काय?

८ मार्च, शनि.
सर रोजा सोडून आले, सगळ्यांना खजूर. बाजूला मंगळ, पण आज त्याला कोण विचारतो.
कागद मांडले. डाग तिघांच्या कागदावर! माझ्या, पोस्टातल्या वैशालीताईंच्या आणि गोरेच्या. गोरे म्हणजे कंपनीत माझाच सुपरवायझर, मीच त्याला मंडळात आणला.
फक्त ताईंचा डाग खाली, गोरेचा वर, माझा मधे. म्हटलं, सर, हे कसं? सर म्हणाले, "अरे, हलता है ना वो!" बरोबरच की. सरांनी मंडळाच्या वहीत वेळ टाकून नोंद केली, खाली तिघांच्या सह्या. सगळं जमलं की मोठ्या अभ्यासकांना कळवणार म्हणाले.
लई आनंद झाला. गाणं म्हणत घरी.
मंदा: "मागच्या बारीला त्यांना का नाय दिसला मग?"
हिला प्रत्येकात खोट काढायची सवय.

१३ मार्च
ट्रेभर माल रिजेक्ट केला. प्रत्येक नगात आत काळपट. गोरेनं परत मोजला, सगळा ओके. हसून म्हणाला, "काय सोपानराव, चंद्रावरचा डाग हितं आणला का?"
मीपण हसलो.

२० मार्च
अंघोळीत डाव्या डोळ्यात साबण गेला. तो मिटून टॉवेल मागितला. मंदा समोर उभी, कपाळावर टिकली नाय. म्हटलं, टिकली कुठंय? "लावलीय की. आंधळे झाले का?"
डावा उघडला, टिकली आहे. मिटला, नाय. टिकलीच्या जागी तोच राखाडी डाग. भिंतीवर बघितलं, भिंतीवर. बादलीवर, बादलीवर.
दुर्बिणीला मी कायम उजवाच डोळा लावतो. भिंग फिरवलं, पुसलं, बदललं. डोळा बदलायचं तेवढं सुचलं नाय. अरे गाढवा!
मग ताईंना काय दिसलं? गोरेला काय दिसलं?

२४ मार्च
डॉक्टरकडं. थेंब टाकून दोन तास बसवलं. डोळ्याच्या पडद्यामागं पाणी साचलंय. "पाळ्या, जागरण, काळजी. तीन महिने वाट बघू." म्हटलं, जाईल ना? "बहुतेक."
बहुतेक म्हणजे काय?
१० एप्रिलला कंपनीत सगळ्यांची नजर तपासणार. मागल्या साली जाधवची कमी निघाली, त्याला उचलून पॅकिंगला टाकलं. मी पॅकिंगमध्ये खोकी चिकटवणार? भीती वाटते. इथं लिहितो, दुसऱ्या कुणाला नाय सांगवत.
वडिलांना, आबांना, फुलंब्रीला फोन केला नाय. म्हणतील, दुर्बिणीनंच डोळा खाल्ला.

३० मार्च
पाडवा. सकाळी गुढी, कडुलिंब. संध्याकाळी सरांचा फोन, "ईद का चाँद देखना है, आ जा. तेरी नजर पैले पडती." गेलो. गच्चीवर त्यांचं सगळं घर. उजवा मिटून बघत होतो, आणि मलाच आधी दिसला! सरांनी पाठ थोपटली. नातीला म्हणाले, "ये हमारे सोपान चाचा की आँख!"
शिरखुर्म्याला उद्या ये म्हणाले. घशाखाली कसा उतरणार? वहीत खोटी नोंद, त्याखाली माझी सही. सांगावं तर मंडळात गोरे आहे, कंपनीत लगेच कळणार. नाय सांगावं तर सर जगाला पत्र लिहिणार, म्हातारपणी हसं व्हायचं त्यांचं.

५ एप्रि., शनि.
अर्धा चंद्र. माझी पाळी आली. पहिल्यांदाच डावा डोळा लावला. स्वच्छ. लख्ख. जसा दिसला तसा काढला.
बत्तीखाली कागद मांडले. सात कागद. सहांवर डाग, प्रत्येकाचा वेगळ्या जागी. माझा एकटा बिनडागाचा.
सगळे माझ्याकडं बघायला लागले. सर: "सोपान, तेरा दाग कहाँ गया?"
म्हटलं, सर, बत्ती जरा बंद करा, सांगतो. अंधारात सगळं सांगून टाकलं. टिकली, डॉक्टर, सगळं. गोरे कुठं उभा होता ते दिसत नव्हतं.
मग ताई हळूच म्हणाल्या, "पण मला दिसला होता हो. शपथ." सरांनी वही उघडली, पेन काढला, आणि तसाच परत खिशात ठेवला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आधी डोळा बघ बाबा."
खाली गाड्यांपाशी गोरे मागून आला. म्हटलं आता काढतो गुरुवारच्या, दहा तारखेच्या नजर तपासणीचं.
तो म्हणाला, "मग मला काय दिसलं?"
मला काय माहीत. त्यानं हातानं एक डोळा झाकून चौकातल्या दिव्याकडं बघितलं. मग दुसरा झाकला. बराच वेळ बघत होता. मग गाडी काढून गेला. गुरुवारचं ना तो बोलला, ना मी.