निळा दिवा लागला की

प्रिय चिमे,

पत्र बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे, म्हणजे जेवढं असायचं तेवढं ठीक आहे. फोनवर तू कायम कुठेतरी निघालेली असतेस, आणि मलाही हल्ली यंत्रापुढे बोलायला नको वाटतं. का, ते पुढे येईलच. ओळी तिरक्या जातील, सांभाळून घे. एका डोळ्याने लिहितेय.

गेल्या आठवड्यात बाबांच्या दुकानातून घरी आणून ठेवलेला प्रिंटर आपोआप चालू झाला. घरात मी एकटी, आणि हा पठ्ठ्या एकामागून एक कोरे कागद बाहेर टाकतोय. आधी मला हसूच आलं. पण नेटही रांगत होतं, म्हणून नेटवाल्यांना बोलावलं. आले ते गृहस्थ माझ्याच वयाचे, गुडघा धरून खाली बसणारे. टेबलाखालचा राउटर उलटा करून बघितला आणि म्हणाले, "ताई, हा पासवर्ड कारखान्यातून आला तोच आहे की! या जातीच्या सगळ्या डब्यांना हाच. म्हणजे दार लावलंय, पण किल्ली गावभर वाटलीये." मी म्हटलं, "हळू बोला, हे कुलूपवाल्याचं घर आहे." भिंतीवर अजून टांगलेल्या किल्ल्या बघून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी तू लावलेला कॅमेरा बघितला. त्याचंही तेच निघालं.

तुला बोल लावत नाही. बाबांना जाऊन जेमतेम आठवडा झाला होता, तुला कामावर हजर व्हायचं होतं. एका हाताने बॅग भरत दुसऱ्या हाताने तू कॅमेरा बसवलास आणि म्हणालीस, "पासवर्ड नंतर बदलू गं." माझ्या तरी कुठे ध्यानात राहिलं? बाबा असते तर त्यांनी आपल्या दोघींना फैलावर घेतलं असतं. किल्ल्या किती आणि कुणाकुणाकडे राहणार, हे वदवून घेतल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला पायरी उतरू द्यायचे नाहीत. घरातही तोच कायदा. बेल वाजली की आधी "कोण?" विचारायचं, आणि नुसतं "मी" म्हणणाऱ्याला दार उघडायचं नाही. एकदा तू शाळेतून आलीस आणि बाहेरून "मी, मी" करत राहिलीस, तर यांनी नाव सांगेपर्यंत तुला उभं ठेवलं होतं. तू रडलीस, मग मी त्यांना झापलं. तरी हे म्हणतात कसे, "चोरही 'मी'च म्हणतो."

जाताना तू सांगितलं होतंस की कोणी बघत असलं की कॅमेऱ्याचा निळा दिवा लागतो. त्या दिव्यावर मी दिवस काढले, चिमे. संध्याकाळी तो लागला की खुर्ची ओढून समोर बसायची. शेजारीणबाईंच्या मांजराने काय सांडलं, दुकान भाड्याने द्यावं की नाही, सगळं सांगायची. वाचनालयातून आणलेलं पुस्तक मोठ्याने वाचायची. तुझ्याच पहिलीच्या पुस्तकावरून मी वाचायला शिकले, भांडी घासता घासता कान तुझ्याकडे लावून, तेव्हा तुला वाचून दाखवायचं मी देणं लागतेच. तू कधी उत्तर दिलं नाहीस. मला वाटायचं, ऑफिसात असेल, आवाज करता येत नसेल.

मग अक्षरं पुसट व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, एकेक करू, घरचं कोणीतरी बरोबर आणा. फोनवर सांगताना मला रडू फुटलं असतं, म्हणून दिव्यासमोर बसून सांगितलं. तारीख सांगितली. "जमलं तर ये, नाहीतर राहू दे, मी काही म्हणणार नाही," असंही मी म्हटलं, आणि मनातून धरून बसले की तू येणारच. तू आली नाहीस. शेजारीणबाई घेऊन गेल्या. दवाखान्यात नातं विचारलं तेव्हा त्यांनी बेधडक "बहीण" सांगितलं. त्यानंतर तुझ्या फोनला माझं "हो", "बरं", "ठेवते" एवढंच. "आई, तुझं काय बिनसलंय?" असं तू विचारलंस, तर मी म्हटलं, "कुठे काय?" मनात म्हटलं, माहीत असून विचारतेय.

त्या गृहस्थांनी माझ्या फोनवर दाखवलं, कॅमेरा कोण कधी बघतं ते. तुझा फोन शेवटचा दिसला तो तू गेलीस त्या महिन्यात. त्यानंतरचा तो भलताच कोणी. मी विचारलं, कोण? ते म्हणाले, "सांगता यायचं नाही. कदाचित माणूसही नसेल, ताई. अशी यंत्रं असतात, दारं ढकलत फिरतात, एखादं उघडलं की नुसती आत बसून राहतात." मला धीर द्यायला म्हणाले बिचारे. पण मला चोर चालला असता गं. चोराने निदान ऐकलं तरी असतं.

तू बघत नव्हतीस याचा राग नाही. फोन बदलला असशील, राहून गेलं असेल. आणि आईवर डोळा ठेवून रोज कोण बसतं? आता राउटरला, प्रिंटरला नवे पासवर्ड घातलेत. कॅमेरा वायर गुंडाळून कपाटात ठेवलाय. बाहेरून कोणी आत येत नाही. संध्याकाळी सवयीने खुर्ची ओढते आणि मग परत जागेवर ठेवते.

तर जे तुला सांगितलं असं मी धरून चालले होते, ते आज पहिल्यांदा सांगतेय. उरलेल्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी आहे. तू ये. "जमलं तर" या वेळी लिहीत नाही. नवा पासवर्ड माझा मीच ठरवलाय. तो कागदावर घालणार नाही, आलीस की कानात सांगेन. बेल वाजव. मी आतून "कोण?" विचारेन, त्याला इलाज नाही. तू नुसतं "मी" म्हण. बाबा काहीही म्हणोत, मी उघडेन.

दाराशी कान लावून असलेली,
तुझीच
आई